कुत्र्यासाठी म्हणून आणलेले पाय

आमच्या घरी कुत्रं कधीच नव्हतं. एकदा एक मांजर आलं होतं, तेही थोडे दिवस आमची रिकामी भांडी हुंगून शेजारी राहायला गेलं. तरीसुद्धा डिचोलीच्या बाजारात त्या वर्षी मी आमच्या कुत्र्याबद्दल इतकं बोलले आहे की त्याची भूक, त्याचा आकार, त्याचा स्वभाव सगळं मला तोंडपाठ झालं होतं. ब्रॉयलर कोंबडीचं दुकान गावात नवंच आलं होतं. त्याआधी कोंबडी म्हणजे गावठी, कुणाच्या तरी परसातली, पाहुणा आला किंवा सण झाला की मारायची. तिचं डोकं आणि पाय कुणाच्या ताटात गेले हे कुणी विचारत नसे. आता बसस्टँडच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये, तारेच्या खुराड्यांत पांढऱ्या कोंबड्या बसलेल्या असत आणि मारुती नावाचा बेळगावकडचा माणूस लाकडी ओंडक्यावर सटासट सुरा चालवत असे. मांस लोक घेऊन जात. पंजे तो शेजारी ठेवलेल्या तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकी. त्या डब्याकडे बघायचं नाही, आणि बघितलंच तर ‘कुत्र्याक व्हये होते’ म्हणायचं, असा आमच्या आळीतल्या बायकांचा न ठरवता ठरलेला रिवाज होता. आळीत कुत्रं एकच होतं, लंगडं, आणि त्याच्या फासळ्या लांबूनसुद्धा दिसत असत.

आईला हे खोटं जमत नसे. तिचा चेहरा आधी लाल व्हायचा आणि मग तोंडातून शब्द यायचे. म्हणून ती मला पाठवी. मला लाज वाटत नसे, राग येत असे. कुणाचा ते सांगता आलं नसतं. त्या वर्षी मला सगळ्याचाच राग येत असे, पिशवीचा, रस्त्याचा, माझ्या पायातल्या झिजलेल्या चपलांचासुद्धा.

मारुती म्हणायचा, “काय गं पोरी, तुमचं कुत्रं हाय का वाघ? परवाच तर नेलंस की पिशवी भरून.”

“मोठो आसा तो,” मी म्हणायची.

“भुंकलेलं कधी ऐकू येत न्हाई ते.”

“गरीब आसा स्वभावान.”

“आणि कालवण कसं लागतंय त्याला? तिखट का बेताचं?”

मग स्वतःच हसून तो पंजे वर्तमानपत्रात गुंडाळी, त्यातल्या त्यात मोठे निवडून, आणि वर एखादी मान टाकी. माणूस चांगला होता. पण हसायचा, म्हणून मला तोही आवडत नसे.

हे सगळं सुरू झालं ते बाबांचा ट्रक उभा राहिला म्हणून. बाबा मूळचे दोडामार्गाकडचे, खाणीवरचं खनिज नदीच्या धक्क्यापर्यंत नेणारा ट्रक चालवायचे. पावसाळ्यात ते काम दरवर्षी बंदच असे. त्या दिवसांची सवय होती आम्हाला, सुकी मासळी आणि कुळीथ त्यासाठीच भरून ठेवलेले असत. पण त्या वर्षी खाणीच्या मालकांत आपसात भांडण झालं. दसरा गेला, दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, तरी ट्रक शेडमध्येच. आमचं बिऱ्हाड ट्रकांच्या रस्त्यालगत होतं. एरवी दिवसभर घरातली भांडी फळीवर थरथरायची, आणि वाळत घातलेला कपडा तांबडा होऊनच आत यायचा. आता भांडी गप्प होती. ती शांतता मला चावायची. बाबा पायरीवर बसून रस्त्याकडे बघत राहायचे आणि त्यांचा उजवा पाय आपोआप हलायचा, ॲक्सिलरेटर दाबावा तसा. आई म्हणायची, “पाय हलवू नकात, घर खंय चालूचा नाय.” ते थांबायचे आणि थोड्या वेळाने परत सुरू व्हायचे. वर्तमानपत्र घेणं त्यांनी बंद केलं होतं, पण पंज्यांना गुंडाळलेला कागद ते सोडवून, झटकून, पायरीवर पसरून वाचायचे. गोव्यात तेव्हा दुसरा विषय नव्हता. कोकणी की मराठी, आणि राज्य होणार की नाही. बाबा मराठीवाले. समोरच्या दुकानाचे मालक कोकणीवाले. दोघे रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहून तावातावाने भांडायचे, आणि भांडायचे ते एकाच बोलीत, एकमेकांचा शब्द न् शब्द समजत.

मी बारावी पास होऊन घरी बसले होते. बसले होते हे म्हणायचं. बसत मी कधीच नव्हते. विहीर, गल्ली, बाजार, परत विहीर. धाकटी शकू म्हणायची, “नलूताई, तुका बघून माका गरगरता.” आमच्या शाळेतल्या बाईंनी मला पणजीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज करायला लावला होता आणि माझी निवड झाली होती. नवं वर्ष लागलं की हजर व्हायचं, राहणं-खाणं तिथेच. बाबांना ते मान्य नव्हतं. परक्या पुरुषांची अंगं पुसायची, रात्रपाळ्या करायच्या, हे आपल्या घरातल्या मुलीचं काम नव्हे. पण खरं कारण त्यांनी एकदा बोलून दाखवलं: “ट्रक कधी सुटतलो माका म्हायत नाय. तुझा एक जमला तर माका झोप येयत.” रागावलेल्या बापाशी भांडता येतं. असं बोलणाऱ्या बापाशी काय भांडणार? मी आईकडे बघायची. आई चुलीकडे बघायची. तिच्या मनात काय आहे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, असं मी आता म्हणणार होते. पण ते खरं नाही. कळलं, एकदाच कळलं, आणि त्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे.

पंजे साफ करायचं काम माझं. ते कढत पाण्यात घालायचे, अगदी उकळत्या नव्हे, नाहीतर साल मांसाला धरून बसते. मग बाहेर काढून पिवळी साल ओढायची. नीट जमलं तर लहान मुलाचा मोजा काढावा तशी ती अख्खी येते. नखांची टोकं विळीवर छाटायची. राहिलेलं काही असेल तर निखाऱ्यावर धरायचं. तो जळका वास केसांत बसतो आणि दोन दिवस जात नाही. पुढचं आईचं. ओलं खोबरं आणि कांदा तव्यावर तांबूस होईपर्यंत भाजायचा, धणे, मिरी, बडीशेप, लवंग, खसखस भाजून सगळं पाट्यावर वाटायचं, तेच आमचं वाटप. पंजे मातीच्या टोपात सकाळपासून मंद आचेवर. मांस असं त्यात काही नसतंच, पण शिजून शिजून रस्सा असा दाट होतो की बोटं एकमेकांना चिकटतात. आम्ही त्याला ‘रस’ म्हणायचो. आता शकूची मुलगी हेच पंजे दुकानातून थंडगार पाकिटात, धुऊन-पुसून, नखं काढलेले आणते आणि चेहऱ्याला चांगलं म्हणून त्यांचं बेचव पाणी पिते. मी तिला म्हटलं, त्यात मिरी तरी घाल. ती म्हणाली, मावशी, मग त्याचा उपयोग जातो. जाऊ दे.

पण पंजे आम्ही मुली खात नव्हतो. हे सांगायला हवं. पंजे बाबांच्या ताटात. आम्हाला आणि स्वतःला आई फक्त रस वाढी. मुलीने कोंबडीचे पाय खाल्ले की तिचे पाय घरात ठरत नाहीत, हे आईला तिच्या आईने सांगितलेलं, तिला तिच्या आईने. कोंबडी कशी, एका जागी उभी राहील तर शपथ. इथे उकर, तिथे उकर. मुलगी तशी झाली तर सासरी कशी टिकणार? मुलग्यांना ही अडचण नव्हती. त्यांचं फक्त अक्षर बिघडतं म्हणे, तेही शाळेत असेपर्यंत. माझं अक्षर न खाताच बिघडलेलं होतं. आईची वाढण्याची एक लकब होती: डाव टोपात घालायची, वर आणताना टोपाच्या कडेला टेकवून तिरका करायची, पंजा मागे घसरून पडायचा आणि नुसता रस ताटात यायचा. ती खळकन् आवाज करणारी हालचाल मी जन्मापासून बघत होते. ताटात रस, त्यावर भात, आणि टोपात परत गेलेला पंजा. तो कसा लागतो याची मला फार उत्सुकता होती, आणि विचारण्याची सोय नव्हती.

तर त्या एका रविवारी हळर्णचे पाहुणे मला बघायला येणार होते. बाबांच्या खाणीवरच्या ओळखीतून आलेलं स्थळ. शेती-बागायत, मुलगा गावच्या सोसायटीत कारकून. सकाळच्या बसने येणार, चहा-फोव म्हणजे पोहे घेणार, मुलगी बघणार आणि दुपारच्या बसने परत जाणार. जेवणाचा प्रश्नच नव्हता, म्हणून आईने आमच्या घरच्यांसाठी आदल्या संध्याकाळी आणवलेले पंजे पहाटेच चुलीवर चढवून ठेवले होते. टोप पाहुण्यांना दिसू नये म्हणून त्यावर ताट आणि ताटावर पाट असा बंदोबस्त केला. वासाचा बंदोबस्त करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिघं आले. मुलगा वसंत, त्याचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, आणि आबांची विधवा बहीण सरूआत्या. घर आत्याबाईंच्या ताब्यात होतं, हे त्या दारात चप्पल काढत असतानाच समजलं, कारण आबा आणि वसंत दोघेही त्यांची चप्पल निघेपर्यंत थांबले. मी फोव्यांचा ट्रे घेऊन आले, ठेवला, बसले. नाव, शिक्षण, स्वयंपाक येतो का. माझ्या साडीच्या आत माझा पाय हलत होता. बाबांचा बाहेर हलत होता. आबांनी भाषेचा विषय काढला, बाबा खूश झाले, आणि ‘मराठीच व्हयी’ यावर दोघांचं एकमत झाल्यामुळे बोलायला फारसं काही उरलं नाही.

तेवढ्यात समोरच्या दुकानाचं दार खाली ओढल्याचा आवाज आला. मग पलीकडच्या दुकानाचं. बाबा उठून बाहेर गेले आणि परत आले ते चेहरा टाकून. भाषेच्या आंदोलनात म्हापशाच्या रस्त्यावर झाडं तोडून आडवी टाकली होती. बस बंद. बाजार बंद. कधी सुरू होईल ते कुणालाच माहीत नाही. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. मला त्या झाडं पाडणाऱ्यांचा इतका राग आला की विचारू नका. कुणाची का भाषा असेना, एवढी दुपारची बस जाऊ द्यायची होती!

दुपार चढत गेली. बाबा नाक्यावर जायचे, परत यायचे, परत जायचे. आत्याबाईंनी एकदा नाक वर केलं, मग पुन्हा केलं.

“वाटप भाजललां दिसता,” त्या आईला म्हणाल्या. “कोंबडी गो?”

आई लाल व्हायला लागली, पण तिचे शब्द यायच्या आत दारातून बाबा म्हणाले, “होय तर! आयतवार न्हय आज? जेवल्याशिवाय जावचां नाय तुमी.”

आई आत गेली. मागून बाबा. मागून मी.

“कोंबडी खंय आसा?” आई दात-ओठ आवळून कुजबुजली. “पाय आसत निस्ते!”

“पाय कोंबडीचेच मगो?”

“मी वाढतंय. तोंड तुमी दाखवा.”

भात पुन्हा चढवला. पाहुण्यांची ताटं मांडली. आईने त्या दिवशी रस इतका भरभरून वाढला की पंजे त्यात बुडून जावेत. पण पंजा हा बुडत नाही, त्याची बोटं वर येतात. आबांनी ताटाकडे बघितलं. एका बोटाने पंजा जरा हलवून बघितला, खाली काही आहे का म्हणून. खाली दुसरा पंजा होता.

“आनी रवलेली कोंबडी खंय गेली?” आबांनी साधेपणाने विचारलं.

बाबा भिंतीकडे बघत होते. आई चुलीकडे. दाराशी उभी असलेली शकू म्हणाली, “ती लोकांनी खाल्ली.”

आबांना असा ठसका लागला की वसंतला त्यांची पाठ चोळावी लागली. ते हसत होते हे कळायला आम्हाला वेळ लागला. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, पंजा उचलला, आणि एकेक बोट सांध्यावर मोडून, चोखून, हाडं ताटाच्या कडेला मांडत गेल्या. त्या हाडांवर पुसण्याइतकंसुद्धा काही राहिलं नव्हतं. असं खाणारं माणूस पहिल्यांदा पंजा खात नसतं, आणि विधवेला सासरी पाय ठरण्याची काळजी उरलेली नसते. संपल्यावर त्यांनी ताट पुढे केलं.

“आनीक एक घाल. हाताक चव आसा हां तुझ्या.” आणि मग बोटं चाटत म्हणाल्या, “आमच्याकडे पण आणतत. कुत्र्याक म्हणान आणूचे लागतत.”

आई हसली. कितीतरी महिन्यांनी मी तिला तशी हसताना बघितलं, तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. आबा हसले, बाबा हसले, बाबांचा पाय हलायचा थांबला. दोन्ही घरांत एकच न दिसणारं कुत्रं आहे हे कळल्यावर मग परकेपण कसलं राहणार? गावच्या गोष्टी निघाल्या, काजूच्या निघाल्या. वसंत बिचारा पंज्याशी झटापट करत होता. त्याला खाता येत नव्हतं आणि टाकताही येत नव्हतं. माणूस वाईट नव्हता. उलट त्यानेच एकदा विचारलं, “तांच्या नर्सिंगचां काय?”

“ता कित्याक आता?” आत्याबाई म्हणाल्या. “दुखणेकरीच बघूचे आसत तर आमच्या घरात काय कमी आसत? पोरगी आमका पसंत आसा. माघात लगीन उडवून टाकूया.”

बाबांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि मी स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी होते. सकाळपासून मी एकच आशा धरून होते की आमची गरिबी बघून हे लोक निघून जातील. पंजे बघून तर जातीलच. आणि पंज्यांनीच घात केला! मला ओरडायचं होतं. मी ताटं उचलली.

मग आम्ही जेवायला बसलो, मी आणि शकू. आई वाढत होती. पुरुष बाहेर नाक्याकडे गेले होते. आत्याबाई पान लावत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन टेकल्या. आता घरच्याच झाल्या होत्या ना. त्यांनी माझ्याकडे नीट, वरून खालपर्यंत, आपल्या वस्तूकडे बघावं तसं बघितलं आणि आईला म्हणाल्या, “पोरीक पाय घालू नको हां गो. आता ती आमची. पाय खाल्लेल्या चेडवाचो पाय घरात ठरणा नाय.”

त्यांनी सांगायची गरजच नव्हती. आईने माझ्या ताटात कधी पंजा घातला होता?

आईचा डाव टोपात होता. ती तो फिरवत होती, उगाच, बराच वेळ. तिने माझ्याकडे बघितलं नाही, आत्याबाईंकडेही नाही. मग डाव टोपाच्या तळाला गेला आणि वर आला. मी त्या खळकन् आवाजाची वाट बघत होते. आवाज झाला नाही. डाव कडेला टेकलाच नाही. तो सरळ माझ्या ताटावर आला आणि भातावर पंजा पडला. पुन्हा डाव टोपात गेला. पुन्हा एक पंजा.

“खा,” आई म्हणाली.

“वैनी!” आत्याबाईंच्या हातातलं पान तसंच राहिलं.

शकूचं तोंड उघडं होतं. मी पंजा उचलला. मला खाता येत नव्हता, पण आत्याबाईंना बघून शिकले होते. सांध्यावर मोडला, तोंडात घातला. साल जिभेवर विरघळली, आतली छोटी गोल हाडं दातांखाली आली, ओठ एकमेकांना चिकटले. मला भीती वाटत होती, आणि भीतीच्या खाली आनंद होत होता. माझ्या आईने, जी कधी बाजारात मोठ्याने बोलली नाही, जिला कुत्र्याचं साधं खोटं बोलता येत नव्हतं, तिने दोन वाक्यंसुद्धा न बोलता मला दार उघडून दिलं होतं. मी दुसरा पंजाही खाल्ला. हाडं आत्याबाईंसारखीच कडेला मांडली. मग आईने स्वतःचं ताट घेतलं, त्यात भात घातला, आणि डाव न तिरका करता स्वतःलाही एक पंजा वाढून घेतला. सबंध आयुष्य रसावर काढलेल्या माझ्या आईने.

आत्याबाई उठल्या, चूळ भरली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या. परत आत आल्या नाहीत. दिवस कलल्यावर बाबांना ओळखीचा एक टेम्पोवाला मिळाला, तो आतल्या रस्त्यांनी तिकडे जाणार होता. निघताना आबांनी बाबांचा हात हातात घेतला, पण माघाचं नाव कुणी काढलं नाही. थोड्या दिवसांनी त्याच टेम्पोवाल्याकडून निरोप आला, पत्रिका जमत नाही. आमच्याकडून पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती.

बाबा त्या संध्याकाळीच समजून चुकले होते. शकूच्या पोटात काही राहत नसे. ते आईवर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा इतके ओरडले. “मुद्दाम केलंस! पोरीच्या मुळार उठलंस!” आई भांडी गोळा करत राहिली. हाडं तिने एका करवंटीत भरून मागच्या दाराने बाहेर नेली आणि आळीतल्या त्या लंगड्या कुत्र्यापुढे ठेवली. आळीतल्या सगळ्या बायकांनी वर्षभर त्याच्या नावावर आणलेल्यातलं त्याला पहिल्यांदा काहीतरी मिळालं. तिन्हीसांजेला पाव विकणाऱ्या पदेराचा भोंगा वाजला. बंद असो नाहीतर काही असो, आमचा पदेर सायकलवरून यायचाच. मी पाव घेतले, आणि टोपात उरलेला रस मध्ये ठेवून आम्ही चौघं त्यात पाव बुडवून जेवलो.

नवं वर्ष लागल्यावर मी पणजीला गेले. बाबांनी माझी ट्रंक बसवर चढवली. ड्रायव्हरला ओळख सांगून म्हणाले, “हळू ने रे.” आई स्टँडपर्यंतसुद्धा आली नाही. तिने दारातून मला जाताना बघितलं आणि मी वळून बघितलं तेव्हा ती आत गेलेली होती. पुढे गोव्याचं राज्य झालं, भाषेचं काय ते झालं, बाबांचा ट्रक सुटला. माझे पाय घरात ठरले नाहीत हे मात्र खरं. पेडणे, काणकोण, वाळपई, मग समुद्रापलीकडे, मग परत. लग्न केलं, तेही उशिरा, आणि बदलीच्या गावीच. कुणाला वाटेल मी त्या पंज्यांवर विश्वास ठेवते. मी आयुष्यभर हॉस्पिटलात काम केलेली बाई आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण आत्याबाईंचा होता. आणि त्यांचा आहे हे आईला माहीत होतं.

म्हातारपणी आईला पंज्यांची आवड लागली. माझ्याकडे राहायला आली की मागून घ्यायची. दात नव्हते, तरी एकेक बोट तोंडात धरून बसायची. तिच्या शेवटच्या वर्षात अशीच एकदा ती ताटावर बसली असताना मी तिला विचारलं. इतकी वर्षं विचारायचं राहूनच गेलं होतं. बाबा जाऊनही बराच काळ झाला होता, घरात आम्ही दोघीच होतो.

“आई, त्या हळर्णकरणीसमोर माका मुद्दाम पाय वाढलंस मगो?”

आईने चोखलेलं हाड ताटाच्या कडेला ठेवलं. मग दुसरं त्याच्या शेजारी.

“खंयचां मुद्दाम?” ती म्हणाली. “रस संपललो. आनी काय वाढू?”

तिने ताट पुढे सरकवलं. मी डाव टोपात घातला. त्या संध्याकाळी आम्ही चौघांनी पाव कशात बुडवून खाल्ले होते, ते तिलाही आठवत होतं.